सजावटीला सुरक्षेतून सूट कशासाठी?

गॅसची शेगडी घ्यायची असली की आपण दहा प्रश्न विचारतो. नळी कसली आहे, रेग्युलेटर कुठला, बटण बंद केल्यावर ज्योत खरंच विझते ना. खिडकीचे ब्लाइंड्स घेताना मात्र प्रश्न दोनच: रंग भिंतीला शोभेल का आणि धूळ किती बसेल. संगणकाचंही तसंच. बँकेच्या साइटचा पत्ता दोनदा तपासून बघणारा माणूस स्क्रीनवर पावसाचे थेंब ओघळवणारी थीम दिसली की ती कुणी बनवली, आत काय करते, याची चौकशी न करता डाउनलोड करून मोकळा होतो. एखादी वस्तू सजावटीच्या कप्प्यात गेली की तिच्याकडे बघण्याची आपली नजरच बदलते. दिसायला छान असली की झालं. ग्राहक म्हणून आपण ही सूट देतोच, पण बनवणारे आणि नियम करणारेही वर्षानुवर्षं ती देत आले आहेत. त्या सुटीचा हिशेब द्यायची वेळ आली की इशाऱ्याची एक चिठ्ठी पुढे केली जाते. माझा आक्षेप या चिठ्ठीला आहे.

आधी ब्लाइंड्स. आडव्या पट्ट्यांचा नेहमीचा ब्लाइंड जरा जवळून बघा. वर एक अरुंद खोका असतो, त्यातून दोन-तीन दोऱ्या पट्ट्यांमधल्या भोकांतून थेट तळाच्या पट्टीपर्यंत जातात. त्याच दोऱ्यांची दुसरी टोकं खोक्याच्या एका बाजूने बाहेर येऊन लोंबत राहतात. ती ओढली की तळाची पट्टी वर सरकते, दोरी थोडी तिरकी धरून सोडली की खोक्यातला खटका तिला जागच्या जागी अडकवून ठेवतो. यंत्र म्हणून मोठं हुशारीचं आणि स्वस्त. पण यातली एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ब्लाइंड जितका वर, तितकी बाहेरची दोरी लांब. म्हणजे सकाळी उजेड यावा म्हणून तो पूर्ण वर घेतला की नेमकी तेव्हाच दोरी जवळजवळ जमिनीला टेकते. खिडकीखाली पाळणा, पलंग किंवा सोफा असणं ही तर घराघरातली मांडणी. चालायला नुकतं शिकलेलं मूल त्यावर चढून बाहेर बघणार, यात नवल ते काय?

दोरी गळ्याभोवती अडकली की काय होतं, हे लिहायला जड जातं, पण लिहिल्याशिवाय पुढचा मुद्दा कळायचा नाही. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मानेचे स्नायू कच्चे असतात. पाय घसरला की फास सैल करण्याइतकी ताकद आणि समज, दोन्ही त्याच्याकडे नसतात. गळा आवळला गेल्यावर ओरडता येत नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या आईला काही ऐकू जात नाही. सगळा खेळ काही मिनिटांचा.

अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांना ब्लाइंड्स आणि त्यांच्या दोऱ्यांमुळे झालेल्या इजांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० ते २०१५ या काळात अंदाजे १६,८०० मुलांना दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्यावं लागलं होतं. त्यातल्या बहुतेक इजा किरकोळ होत्या, खोका किंवा पट्टी अंगावर पडून खरचटणं वगैरे. दोरीत अडकण्याचं प्रमाण कमी, पण ज्या दोनशेहून जास्त घटनांचा खोलात जाऊन तपास झाला होता, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश घटनांत मूल दगावलेलं होतं. मला मात्र त्या अभ्यासातली दुसरीच नोंद जास्त महत्त्वाची वाटते. बहुतेक प्रसंगांत मूल पालकांच्याच देखरेखीखाली होतं आणि एकटं राहिलं होतं ते दहा मिनिटांपेक्षाही कमी वेळ.

दहा मिनिटं म्हणजे काय? कपडे वाळत घालणं, दार उघडून कुणाशी दोन शब्द बोलणं, दुसऱ्या मुलाला आंघोळ घालणं. जे प्रत्येक घरात, प्रत्येक दिवशी होतं, ते. तेव्हा ‘पालकांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं’ हा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी स्वतः दीड वर्षाच्या मुलाबरोबर पूर्ण दिवस काढून बघावा. निष्काळजी आईबापांची ही गोष्ट नाही. माणसाकडून जेवढ्या लक्षाची अपेक्षा करता येते तेवढं देऊनही जी वस्तू जीव घेऊ शकते, त्या वस्तूत खोट आहे.

ही खोट काल-परवा उघडकीला आलेली नाही. १९८१ ते १९९५ या काळात अमेरिकेत खिडकीच्या दोऱ्यांनी १८३ मुलांचे प्राण गेल्याची नोंद १९९७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि खरा आकडा याहून बराच मोठा असावा असंही त्यात म्हटलं होतं. तोवर उद्योगाने एक सुधारणा केली होती. दोऱ्यांची टोकं खाली एकत्र बांधलेली असत, त्यांचा आयता फास होई. ती टोकं सुटी करून प्रत्येकाला वेगळा गोंडा लावायला सुरुवात झाली. छान. मग लक्षात आलं की पट्ट्यांच्या मधून जाणारी आतली दोरीसुद्धा मूल ओढून बाहेर काढू शकतं आणि तिचाही फास होतो. २००० साली साडेआठ कोटी ब्लाइंड्स दुरुस्तीसाठी परत मागवण्याची घोषणा झाली. मग पाळी रोमन शेडची, म्हणजे घड्या पडत वर जाणाऱ्या कापडी पडद्याची. त्याच्या पाठीमागे दोऱ्या उघड्याच असतात. डिसेंबर २००९ मध्ये रोमन आणि गुंडाळून वर घ्यायचे असे मिळून पाच कोटींहून जास्त पडदे असेच दुरुस्तीसाठी परत मागवले गेले. उभ्या पट्ट्यांना आणि रोलर ब्लाइंड्सना मण्यांची अखंड साखळी असते, ती तर जन्मतःच फास. तिला भिंतीशी ताणून धरणारी क्लिप सोबत देतात. ती स्क्रूने भिंतीत बसवायची असते, आणि ड्रिल मशीन हाताशी नाही म्हणून ती पाकिटातच राहते.

हा क्रम बघितला की एक गोष्ट दिसते. दर वेळी ज्या दोरीने जीव गेला तेवढीच दोरी सुधारली गेली. शेजारच्या दोरीकडे बघायला पुढच्या मृत्यूची वाट बघावी लागली. वरातीमागून घोडे, आणि तेही एकेक करून.

आता सगळ्यात सोपा उपाय पहिल्यापासून समोर नव्हता का? होता. दोरी मुलाच्या हाताला लागूच नये अशी रचना. तळाची पट्टी हाताने वर-खाली करायची आणि तोल सांभाळायला आत स्प्रिंग, किंवा फिरवायची कडक दांडी, किंवा छोटी मोटर. ही काही रॉकेट उडवण्याची विद्या नव्हे. फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीने २०१६ च्या सुरुवातीपासून जगभरातल्या आपल्या दुकानांतून दोरीवाले ब्लाइंड्स काढूनच टाकले. कॅनडाने २०१९ साली केलेल्या नियमांचं मला विशेष कौतुक वाटतं, कारण त्यात उपदेश नाही, मोजपट्टी आहे. हाताला लागणारी दोरी ओढून ताणली तरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब होता कामा नये आणि फासाचा घेर ४४ सेंटिमीटरपेक्षा मोठा होता कामा नये. एवढी आखूड दोरी लहान मुलाच्याही गळ्याभोवती गुंडाळली जात नाही, एवढा लहान फास डोक्यावरून खाली उतरत नाही. ती कशाची, किती महाग, कुणी शिवली, याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. ऑस्ट्रेलियाने जमिनीपासून १६० सेंटिमीटरच्या खाली मोठा फास लोंबता कामा नये असं ठरवलं आणि त्याची जबाबदारी विकणाऱ्याबरोबर बसवून देणाऱ्यावरही टाकली. पाकिटातल्या क्लिपचा प्रश्न त्याने बराचसा सुटतो.

अमेरिकेची कथा मात्र रखडत गेली. उद्योगानेच बनवलेल्या मानकात डिसेंबर २०१८ पासून तयार मापाचे, दुकानात मांडून विकले जाणारे ब्लाइंड्स दोरीविना करायचं ठरलं. विक्रीतला मोठा हिस्सा हाच असल्याने फायदा खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण खिडकीच्या मापाने करून घेतलेल्या, जास्त पैसे मोजून घेतलेल्या ब्लाइंड्सना दोरीची मुभा राहिली. म्हणजे स्वस्तातला माल सुरक्षित आणि ऑर्डर देऊन करून घेतलेल्यात जुनाच धोका! कारण काय, तर ग्राहकाला निवड हवी असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा मालालाही सक्तीचा नियम लावला. उद्योगाची संघटना कोर्टात गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये प्रक्रियेतल्या आणि खर्च-फायद्याच्या हिशेबातल्या त्रुटींवर बोट ठेवून कोर्टाने तो नियम रद्द केला. जून २०२४ पासून उद्योगाचं स्वतःचं सुधारित मानक मापाच्या ब्लाइंड्सनाही बरंच आवळू लागलं. म्हणजे जे शक्य नाही असं सांगितलं जात होतं, ते शक्य होतंच.

या सगळ्या वर्षांत मुलं आणि दोरी यांच्यामध्ये काय उभं होतं? एक टॅग. दोरीला टांगलेला, तीन भाषांत छापलेला, गळ्यात दोरी अडकलेल्या बाळाचं चित्र असलेला. ब्लाइंड बसवला की पहिल्यांदा कापला जातो तो हाच टॅग, कारण तो दिसायला वाईट दिसतो. सजावटीच्या वस्तूवरचा इशारा सजावटीलाच बळी पडतो. ज्याने तो छापला त्याला हे ठाऊक नसतं असं मी मानत नाही. टॅग मुलासाठी नसतोच, तो वकिलासाठी असतो.

जाता जाता आणखी एक. १९९६ साली अमेरिकेत आयात होणाऱ्या स्वस्त व्हिनाइल मिनी ब्लाइंड्समध्ये शिसं सापडलं. प्लास्टिक टिकाऊ व्हावं म्हणून ते घालत. ऊन आणि उष्णतेने प्लास्टिकचा पृष्ठभाग झिजे आणि पट्ट्यांवर शिशाची धूळ साचे. खेळण्यातल्या रंगात शिसं आहे का हे तेव्हाही तपासलं जात होतं, पण खिडकीला कोण तपासतो? ती तर शोभेची.

आता दुसरं टोक, संगणकाचं. इथे कुणाचा गळा आवळला जात नाही आणि दोन्ही नुकसानांना एका तराजूत घालायचा माझा मुळीच इरादा नाही. मला दाखवायची आहे ती विचाराची सवय, आणि ती दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे.

डेस्कटॉप सजवण्याचा नाद जुना आहे आणि माझ्या मते चांगला आहे. स्टारडॉक कंपनीच्या विंडोब्लाइंड्ससारख्या प्रोग्रॅमने लोकांना स्क्रीनवरच्या खिडक्यांच्या कडा, बटणं, टास्कबार यांचं रूप पालटण्याची सोय दिली. रेनमीटर या प्रोग्रॅमने घड्याळं आणि हवामानाचे चौकोन मांडायला शिकवलं. ज्या यंत्रासमोर दिवसाचे आठ तास जातात, ते आपल्याला आवडेल असं दिसावं ही काही चैन नव्हे. अडचण अशी की प्रत्येक प्रोग्रॅमच्या खिडकीचं रूप बदलायचं तर त्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या आत शिरावं लागतं. चेहरा रंगवायचा म्हटला तरी किल्ली सगळ्या घराचीच लागते. विंडोज एक्सपीच्या काळात मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही, म्हणजे मान्यतेची खूण, नसलेल्या थीम वापरता याव्यात म्हणून लोक यूएक्सथीम नावाची सिस्टिम फाइलच बदलून टाकत, आणि ती बदललेली फाइल कुठून आणत, तर कुणीतरी कुठेतरी ठेवलेली. मी हौशी लोकांना दोष देत नाही. सुरक्षित वाट बांधलेली नव्हती, म्हणून ते कुंपणावरून गेले.

स्क्रीनसेव्हर घ्या. विंडोजवर एससीआर शेपटीची फाइल म्हणजे मासे पोहताना दाखवणारं चित्र, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ती ईएक्सई फाइलसारखाच पूर्ण प्रोग्रॅम असतो, फक्त नाव वेगळं. मासेही पोहतील आणि मागे जे काही करायचं तेही तो करेल. हल्लेखोरांनी वर्षानुवर्षं ईमेलमधून हीच फाइल पाठवली. ईएक्सई पाहून दचकणारा माणूस स्क्रीनसेव्हर पाहून दचकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मार्च २०२४ मध्ये लिनक्सवरच्या केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपवर जे झालं, ते मला ब्लाइंड्सच्या टॅगइतकंच बोलकं वाटतं. एका वापरकर्त्याने सेटिंग्जमधल्याच अधिकृत खिडकीतून एक ग्लोबल थीम, म्हणजे डेस्कटॉपचं सगळं रूप एकदम बदलणारी थीम, बसवली आणि त्याच्या सगळ्या वैयक्तिक फाइली पुसल्या गेल्या. रंग आणि आयकॉन बदलायला गेलेला माणूस रिकाम्या डिस्कसमोर बसला. थीमबरोबर आलेल्या कोडमध्ये फाइली पुसणारी आज्ञा होती. कुणाचा दुष्ट हेतू होता असं दिसलं नाही, ढिसाळपणा होता. पण प्रश्न असा की थीमला कोड चालवू द्यायचाच कशाला? रंग, आयकॉन, वॉलपेपर यांना आज्ञा देण्याची गरज काय? तातडीने झालं ते असं की लोकांनी सावध राहावं असा इशारा दिला गेला. पुन्हा टॅगच. पण तो प्रकल्प स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो, त्यांनी दोष लपवला नाही, आणि कोड असलेली व कोड नसलेली सजावट वेगळी करायला हवी हेही त्यांनी स्वतःच मान्य केलं. अब्जावधींची उलाढाल असलेल्या कंपन्यांना मात्र तेवढी सवलत देता येत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या थीममधलं एक छिद्र बुजवलं, त्याला थीमब्लीड असं नाव पडलं होतं. थीमच्या फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक ९९९ लिहिला की विंडोज तिच्या जोडीची दुसरी एक फाइल शोधे, तिच्यावरची सही तपासे आणि मग ती चालवायला घेई. तपासणं आणि चालवणं यांच्यामधल्या क्षणात फाइल बदलली की काम फत्ते. घराचं दार तपासून पाहुण्याला आत घ्यावं आणि आत यावा भलताच, तसं. ९९९ ही सोय सर्वसाधारण वापरकर्त्याच्या काही उपयोगाची नव्हती, मायक्रोसॉफ्टने ती काढून टाकली तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. पुढे जानेवारी २०२४ मध्ये आणखी एक दोष दुरुस्त झाला: थीमची फाइल नुसती फोल्डरमध्ये दिसली तरी तिच्यातल्या चित्राच्या पत्त्यामुळे संगणक बाहेरच्या सर्व्हरकडे वापरकर्त्याची लॉगिनसाठी ओळख पटवणारी माहिती पाठवू शकत होता. जुलै २०२४ मध्ये त्याच जागेसाठी पुन्हा दुरुस्ती करावी लागली. आधीची दोरी, मग आतली दोरी, मग मागची दोरी.

ब्राउझरमध्ये वेबसाइटचं रूप बदलणारं स्टायलिश नावाचं एक्स्टेन्शन होतं, लाखो लोकांचं लाडकं. २०१८ च्या जुलैमध्ये उघड झालं की ते वापरणाऱ्याने भेट दिलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता आपल्या मालकांकडे धाडत होतं. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी ते काढलं. अटी-शर्तींत तसा उल्लेख कुठेतरी असणारच. अटी-शर्ती म्हणजे सॉफ्टवेअरचा टॅग. ‘मला मान्य आहे’ हे बटण दाबून तो आपण कापून टाकतो.

यावर नेहमी येणारा आक्षेप स्वातंत्र्याचा. माझ्या घरात कसला पडदा लावायचा, माझ्या स्क्रीनवर काय दिसायचं, हे मी ठरवीन. बरोबर आहे, ठरवाच. पण दोरीविना ब्लाइंड घेतल्याने कुणाची कोणती आवड मारली जाते? रंग तोच, कापड तेच, उजेड तोच. स्वतःचं शरीर आणि स्वतःचा संगणक समजून-उमजून पणाला लावणारी प्रौढ व्यक्ती वेगळी आणि पाळण्यातलं मूल वेगळं. त्या मुलाने काही निवडलेलं नसतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यानेही नसतं, पडदे आधीच्या कुणाच्या तरी पसंतीचे असतात. सॉफ्टवेअरमध्ये हौशी माणसाला खोलवरची दारं उघडी ठेवायलाही माझी हरकत नाही, फक्त ती मुद्दाम जाऊन उघडावी लागावीत. नुसता रंग बदलणाऱ्याला त्या दारातून जावंच लागू नये.

दुसरा आक्षेप मला जास्त प्रामाणिक वाटतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचा, खांदा धरलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हात उंच खिडकीच्या पट्टीपर्यंत पोचत नाही. त्यांना लोंबणारी दोरी हाच आधार असतो. हे खरं आहे आणि दोरी बंद करा म्हणताना आपण हे विसरतो. पण त्याला उत्तर कडक दांडीचं आहे, नळीत बंद केलेल्या दोरीचं आहे, मोटरचं आहे. मोटर महाग पडते, म्हणून अशा घरांना ती परवडेल असं बघणं हे काम आहे. त्यांच्या अडचणीच्या आडोशाने सगळ्यांच्या खिडकीत फास लोंबत ठेवणं हे उत्तर नव्हे. किमतीच्या बाबतीतही एवढंच म्हणेन की तयार मापाच्या मालात दोरी गेली, तरी दुकानं बंद पडली नाहीत.

खरी चिंता मला वेगळीच आहे. ब्लाइंड्स लवकर मोडत नाहीत. नवा नियम नव्या मालाला लागतो, भिंतीवर आधीच टांगलेल्याला नाही. वीस वर्षांपूर्वीचा दोरीवाला ब्लाइंड आजही कुणाच्या तरी पाळण्यावर लोंबतो आहे, त्याचा टॅग केव्हाच गेला, बनवणारी कंपनीही कदाचित गेली. जुन्या थीम, सोडून दिलेली विजेट्स, मालक बदललेली एक्स्टेन्शन्स यांचंही तेच. बनवणाऱ्याने पाठ फिरवली तरी ती चालूच राहतात. म्हणून नवा माल सुधारला एवढ्यावर उद्योगाला सोडू नये. नवा ब्लाइंड बसवायला येणाऱ्याने जुना दोरीवाला उतरवून सोबत न्यावा, त्याचे वेगळे पैसे लावू नयेत. घर भाड्याने देताना जशी विजेची जोडणी बघतात तशी खिडकीची दोरी बघितली जावी, आणि ती बदलण्याचा खर्च मालकाचा असावा. ऑपरेटिंग सिस्टिमने थीमला रंग, चित्रं आणि आवाज यापलीकडे काहीही करू देऊ नये, जुन्या थीमना तर नाहीच. हे होईपर्यंत ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी पाळणा खिडकीपासून आजच लांब सरकवावा. एवढं लिहून मीही एक टॅगच लावतो आहे, याची मला कल्पना आहे.